वाघ दिसत नाही, तरी जा: वेंगुर्ल्याकडच्या वाघ-बिबट्या डीएनए शिबिराचा अनुभव

आधी एक स्पष्ट सांगून टाकते, इथे वाघ दिसत नाही. बिबट्या पण दिसत नाही. काही लोकांनी तेवढ्यावरून एक स्टार दिलाय आणि मला ते वाचून खरंच वाईट वाटलं, कारण शिबिराच्या माहितीत पहिल्याच ओळीत लिहिलंय की ही सफारी नव्हे, दोन दिवसांचं शिकायचं शिबिर आहे, जंगलातल्या आणि झूमधल्या वाघांचं नातं डीएनएवरून कसं कळतं आणि ते कळून उपयोग काय, एवढाच विषय. ते न वाचता वेंगुर्ल्यापर्यंत यायचं आणि मग वाघ कुठंय विचारायचं हे बरोबर नाही. माझे पाच स्टार. का ते सविस्तर लिहिते आणि जे खटकलं ते पण लिहिते, कारण काही गोष्टी त्यांनी सुधारायलाच हव्यात.

आम्ही चौघं गेलो होतो, मी, नववीतला मुलगा, सातवीतली भाची आणि माझी आई. मी हायस्कूलला सायन्स शिकवते. नववीला मेंडेल, दहावीला आनुवंशिकता व उत्क्रांती, बारा वर्षं झाली शिकवतेय, आणि दरवर्षी मुलं वाटाण्याचे तक्ते पाठ करतात, 3:1 लिहितात, मार्क घेतात आणि मे महिन्यात विसरतात. म्हणजे मुलांचं नाव पुढे केलं होतं पण खरं तर मी माझ्यासाठीच गेले होते.

पोचायचं सोपं आहे. कुडाळ स्टेशनला उतरा, एसटीने वेंगुर्ला, तिथून शिरोड्याच्या रस्त्याला रिक्षा. चिऱ्याचं जुनं कौलारू घर, नारळ-पोफळी, मागे काजूची बाग चढत डोंगराला लागते आणि रात्री समुद्राची गाज ऐकू येते. वर्ग मांगरात, म्हणजे शेतघरात, भरतो. राहण्याबद्दल फार लिहीत नाही, साधं आणि स्वच्छ. जेवण मात्र सांगायलाच हवं, पहिल्या दिवशी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, दुसऱ्या दिवशी तिरफळं घातलेला बांगडा, आणि त्या घरच्या काकूंच्या हातची सोलकढी आईने दोन वेळा मागून घेतली, जी घरी कोणाच्या हातचं सहसा मानत नाही.

आता शिबिर. शिकवणारी ताई काही वर्षं जंगलातून वाघ-बिबट्यांची विष्ठा गोळा करायच्या कामावर होती, तिला मुलांशी बोलता येतं आणि ती मराठीत विचार करून मराठीत बोलते, हे मला सगळ्यात आवडलं. पहिल्या संध्याकाळी चटयांवर बसवलं आणि प्रत्येक गटापुढे एक बरणी ठेवली. आत शंभर चिंचोके, दहा रंगांत रंगवलेले, प्रत्येक रंगाचे दहा. ही बरणी म्हणजे जंगल. एक चिंचोका म्हणजे एका जीनची, जनुकाची, एक प्रत, रंग म्हणजे त्या प्रतीचा प्रकार, आणि प्रत्येक वाघाकडे दोन प्रती, एक आईची एक बापाची. डोळे मिटून सहा चिंचोके काढायचे, म्हणजे तीन वाघ, हे आले झूमध्ये. मग पुढची पिढी. सहातला एक उचलायचा, रंग वहीत लिहायचा, परत टाकायचा, परत उचलायचा, असं सहा वेळा केलं की नवीन पिढी तयार, त्या रंगांचे सहा चिंचोके घेऊन पुढे. आमच्याकडे सुरवातीला पाच रंग होते. तिसऱ्या पिढीला तीन राहिले. सातव्या पिढीला सहाच्या सहा हिरवे. हिरव्यात काही विशेष होतं असं नाही, नुसता हाताला लागत गेला.

मुलगा म्हणाला, पण वाघ तर तेवढेच आहेत की, तीन होते तीनच आहेत, कमी काय झालं? ताई म्हणाली हाच प्रश्न मला हवा होता. मोजणीत वाघ तेवढेच दिसतात आणि आतून ते रिकामे होत जातात, आणि बाहेरून बघून हे कोणालाच कळत नाही.

मग तिने चिंचोके उलटे करायला सांगितले. काहींच्या खालच्या बाजूला बारीक काळा ठिपका होता. तो म्हणजे दोष. एकच ठिपकेवाला आला तर काही होत नाही, दुसरी प्रत सांभाळून घेते, पण एकाच वाघाकडे दोन्ही ठिपकेवाले आले तर ते पिल्लू आजारी. मोठ्या बरणीत ठिपकेवाले अधूनमधून होते म्हणून जोडी जमायची शक्यता कमी. आमच्या सहात मात्र चौथ्या पिढीलाच जमली. भाचीने ते दोन चिंचोके उचलले आणि न बोलता बाजूला चटईवर ठेवले, आणि पुढचा अर्धा तास ती अधूनमधून त्यांच्याकडे बघत होती. बारा वर्षांत माझ्या फळ्यावरच्या तक्त्याकडे असं कोणी बघितलेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या डावात दर पिढीला जंगलाच्या बरणीतला फक्त एक चिंचोका आणायचा आणि आपल्यातला एक काढायचा. बस, एवढाच बदल. दहा पिढ्या झाल्या तरी कधी तीन रंग, कधी चार, एकच रंग कधी उरला नाही. तिसरा डाव स्टडबुकचा, म्हणजे झूमध्ये प्रत्येक प्राण्याची वंशावळ लिहिलेली वही असते ती, कोण कुणाचं पिल्लू, कुठे जन्मलं, कुठल्या झूला गेलं. वही बघून ठरवायचं की कुणाची जोडी कुणाशी लावायची, कुणाची पिल्लं आधीच खूप झालीत त्याला थांबवायचं, ज्याचं एकही नाही त्याला संधी द्यायची. त्यात रंग जातात पण हळू जातात. बाहेरून काही न आणता नुसत्या हिशोबाने जवळजवळ दुप्पट पिढ्या रंग टिकले आमच्या गटात. मुलगा वही घेऊन एखाद्या मामलेदारासारखा बसला होता, ह्याची सोयरीक इथे नको, हे चुलत आहेत.

आणि इथे काकू आल्या. चहा घेऊन आल्या होत्या, थोडा वेळ उभं राहून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्या आमकां ठावक आसा. घरचो बोकड घरात चालना नाय. दोन वर्सां झाली की दुसऱ्या गावातसून हाडूचो लागता, नायतर पिल्लां रोगट होतत." त्यांच्याकडे कोकण कन्याळ शेळ्या आहेत. माझी आई लगेच म्हणाली, म्हणजे आपण लग्नात गोत्र बघतो तसंच की. ताईने दोघींना तिथेच बसवून घेतलं आणि म्हणाली वाघाच्या बाबतीत बोकड बदलायचं काम पूर्वी जंगलच करायचं, वयात आलेला नर आईचा इलाखा सोडून शंभर-शंभर मैल चालत जायचा, आता मधे रस्ते, धरणं, खाणी, गावं आलीत, म्हणून ते काम माणसाला करावं लागतं आणि करायचं तर कोण कुणाचा नातेवाईक हे माहीत पाहिजे. वाघाला गोत्र विचारता येत नाही म्हणून डीएनए. ह्याहून सोपं मला नाही सांगता येणार आणि मी आता वर्गात असंच सांगते.

दुसऱ्या दिवशीचा पहिला तास काळ्या वाघाचा. ह्या एका तासासाठी पूर्ण फी दिली तरी चालेल असं मला वाटलं. ओडिशात सिमिलिपालच्या जंगलात काही वाघांचे काळे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले असतात की वाघ जवळपास काळाच दिसतो. हे का होतं ते बरीच वर्षं माहीत नव्हतं. जंगलातल्या वाघावर हे शोधणार कसं, त्याचा बाप कोण आई कोण हेच माहीत नसतं. आता गंमत अशी की भुवनेश्वरच्या नंदनकानन झूमध्ये तसेच काळे वाघ जन्माला आले होते, साध्या दिसणाऱ्या आईबापांच्या पोटी, आणि झू असल्यामुळे आई कोण, बाप कोण, भावंडं कोण सगळं लिहिलेलं. बंगळुरूच्या एनसीबीएस ह्या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन आणि विनय सागर यांच्या टीमने त्या कुटुंबाचा डीएनए वाचला, काळ्यांत काय आहे जे साध्यांत नाही ते शोधलं, आणि टॅकपेप नावाच्या एका जीनमध्ये एका अक्षराचा बदल सापडला. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच वाघ काळा होतो. म्हणजे आमच्या चिंचोक्यांचा ठिपकाच.

झूमधल्या कुटुंबाने किल्ली दिली, मग ती किल्ली घेऊन जंगलात गेले. देशभरातल्या जंगलातल्या आणि झूमधल्या मिळून 395 वाघांमध्ये हा बदल शोधला. सिमिलिपालमध्ये ह्या जीनच्या निम्म्याहून जास्त प्रती बदललेल्या निघाल्या आणि सिमिलिपालच्या बाहेर कुठल्याही जंगलात जवळजवळ नाहीच. बाहेर काळे वाघ फक्त नंदनकानन, रांची आणि चेन्नईच्या झूला, आणि त्यांचं मूळ मागे मागे शोधत गेलं तर सिमिलिपालच्याच एका पूर्वजापाशी जाऊन पोचतं. 2021 मध्ये हे छापून आलं. आणि ह्यावरून जे कळलं ते रंगापेक्षा मोठं आहे, सिमिलिपालचे वाघ एकटे पडलेत, थोड्याच वाघांपासून वाढलेत, बाहेरचा चिंचोका कित्येक वर्षांत बरणीत पडलेला नाही.

ताईने मग विचारलं, आता बाहेरचा चिंचोका कुठून आणाल? कोणी सुंदरबन म्हणालं, कोणी रणथंबोर. उत्तर आपल्या घरचं निघालं. 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्या ताडोबातून दोन वाघिणी सिमिलिपालला नेल्या, जमुना आणि झीनत. झीनत सोडल्यावर तिथे थांबलीच नाही, चालत चालत झारखंडात गेली, तिथून बंगालमध्ये पुरुलिया, बांकुरा, शेवटी 29 डिसेंबरला बेशुद्ध करून पकडली आणि परत आणली. बातमी मी तेव्हा वाचली होती, व्हॉट्सॲपवर वाघिणीच्या प्रवासाचे मेसेज पण फिरत होते, पण ती तिथे कशासाठी पाठवली होती हे मला ठाऊक नव्हतं आणि मी सायन्सची शिक्षिका आहे. मला त्या क्षणी स्वतःचा राग नाही आला पण आपल्याला हे कोणी सांगतच कसं नाही असं फार वाटलं.

हा जीन आणखी कुठे असतो माहित्येय? आपल्या घरातल्या मांजरांत. काही मांजरांच्या अंगावर सरळ पट्टे नसून रुंद, वळणदार, गोल गोल नक्षी असते ना, ती ह्याच जीनमधल्या बदलामुळे, आणि आफ्रिकेतल्या किंग चित्त्याचे मोठे ठिपके पण ह्याच जीनचे. काकूंचं मांजर पडवीतच झोपलेलं होतं, त्याच्यावर सरळ पट्टे, मुलांनी उठवून तपासलं. मांजर, वाघ, सिंह, बिबट्या सगळ्यांची गुणसूत्रं 38 च. आणि आपल्या सिंधुदुर्गात दिसणारा काळा बिबट्या मात्र ह्या जीनमुळे नव्हे, त्याचा जीन वेगळा, एएसआयपी, तो पण दोन प्रती आल्या तरच. त्याला लोक ब्लॅक पँथर म्हणून वेगळा प्राणी समजतात, तो आपला बिबट्याच, ऊन पडलं की काळ्यातून ठिपके दिसतात.

पांढऱ्या वाघाचा विषय भाचीने काढला. तिने झूमध्ये पांढरा वाघ बघितलाय आणि तिला तो फार आवडतो. ताई तिला काही बोलली नाही, फक्त फळ्यावर वंशावळ काढली. 1951 मध्ये रेवाच्या महाराजांनी जंगलातून एक पांढरा बछडा पकडला, मोहन. मोठा झाल्यावर साध्या वाघिणीशी जोडी लावली, बेगम नाव तिचं, पिल्लं सगळी पिवळी. मग त्याच पिल्लांमधली राधा, म्हणजे मोहनची मुलगी, तिच्याशी मोहनची जोडी लावली आणि 1958 मध्ये चार पांढरी पिल्लं झाली. मांगरात एकदम शांतता. माझ्या आईने तोंडाला पदर लावला. पुढे जगभरात पांढरे वाघ वाढवले गेले ते हेच नात्यातल्या नात्यात जोड्या लावून. 2013 मध्ये कळलं की हा सगळा पांढरेपणा एका जीनमधल्या एका बदलाचा आहे, बाकी वाघ तोच, वेगळी जात वगैरे काही नाही. एक रंग धरून ठेवण्यासाठी बाकीचे नऊ रंग घालवले. भाची बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली म्हणजे वही होती पण ती चुकीच्या कामाला वापरली. मला वाटतं ह्या विषयावर एवढं नेमकं मी तरी कुठे ऐकलं नाही.

मी स्वतः झूच्या विरोधातलीच होते. शाळेची सहल झूला न्यायला मी दोन वेळा नाही म्हटलंय. पिंजरा बघवत नाही, अजूनही नाही बघवत. पण ह्या दोन दिवसांनंतर माझा प्रश्न बदलला, झू असावं का ह्याऐवजी ह्या झूमध्ये वही नीट लिहितात का, रक्ताचे नमुने ठेवतात का, जोड्या कशावरून लावतात, आणि तिथला प्राणी जंगलाच्या काही कामाचा आहे का, हे मी आता विचारेन. कारण सगळे असतातच असं नाही. 14 देशांतल्या 105 पाळलेल्या वाघांचा डीएनए बघितला होता, 2008 साली छापून आलंय, तर 49 वाघ कुठल्यातरी एका उपजातीचे शुद्ध निघाले आणि 52 मिश्र, उरलेल्या चौघांचं नक्की ठरलं नाही. मिश्र असणं हा त्या बिचाऱ्या वाघाचा दोष नाही पण उद्या जंगलात वाघ कमी पडले तर कुणाची पिल्लं कामाची हे अंदाजाने नाही सांगता येत. उलट बाजूने बघितलं तर जवळजवळ निम्मे वाघ, जे नुसते पिंजऱ्यातले म्हणून कोणी हिशोबात धरत नव्हतं, ते जंगलाची राखीव ठेव निघाले.

गीरच्या सिंहाचं पण थोडं सांगितलं, की अमेरिकेतल्या झूंनी आशियाई सिंह म्हणून वाढवलेला सगळा गोतावळा पाच मूळ सिंहांपासून आला होता आणि 1987 मध्ये तपासणीत त्यातल्या दोघांचं मूळ आफ्रिकेचं निघालं, सगळी मेहनत वाया. हे फार घाईत झालं. पंचवीस मिनिटांत स्लाईड वाचून दाखवल्या, आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. गीरचा विषय एवढा मोठा, सगळे सिंह एकाच भागात, 2018 मध्ये रोगाची साथ आली तेव्हा काय धास्ती होती सगळ्यांना, ह्याला निदान एक पूर्ण तास हवा. ताईला सांगितलंय.

पहाटेची फेरी काजूच्या बागेतून वर सड्यापर्यंत, म्हणजे डोंगरावरच्या कातळपठारापर्यंत. काका सोबत असतात, ते बोलतात कमी पण पायाखालची माती वाचतात. आम्हाला बिबट्याची विष्ठा दिसली, जुनी, वाळून पांढरी पडलेली, आत केस. काका म्हणाले कुत्र्याचे. ताईने हात लावू दिला नाही, गोळा करायला वनखात्याची परवानगी लागते आणि ह्या शिबिरात गोळा करत नाहीत, फोटो काढायचा आणि जागा नोंदवायची एवढंच. मग तिथेच उकिडवं बसून समजावलं की विष्ठा आतड्यातून घासत बाहेर येते तेव्हा आतड्याच्या अस्तराच्या पेशी तिला चिकटतात, म्हणून डीएनए काढायला वरचा थर महत्त्वाचा, आतल्या केसांत मिळेल तो कुत्र्याचा. ताजी असेल तर थोडा भाग अल्कोहोलच्या बाटलीत. ऊन आणि पाऊस दोन्ही डीएनए खातात, त्यामुळे आपल्या पावसाळ्यात हे काम जवळजवळ बंदच. लॅबमध्ये आधी बघतात वाघ का बिबट्या, मग नर का मादी, मग नेमका कोण, म्हणजे काल नाल्याजवळ सापडलेला आणि आज सड्यावरचा एकच का दोन. आणि ही तपासणी खरी ठरते का हे कसं पडताळायचं? जो प्राणी कोण आहे हे आधीच माहीत आहे त्याच्यावर, म्हणजे परत झूमधल्या.

इथे मी माझी गोष्ट सांगितली. लहानपणी माझ्या आजोळी बिबट्या विहिरीत पडला होता, कठडा नसलेली विहीर, कोकणात दरवर्षी कुठे ना कुठे होतं हे. वनखात्याची माणसं येईपर्यंत गावाने खाटलं सोडलं दोरीने आत, तो त्यावर चढून बसला, रात्रभर त्याचं गुरगुरणं ऐकू येत होतं आणि आजी देवाजवळ दिवा लावून बसली होती की ह्याला वर येऊ दे. सकाळी पिंजरा सोडून काढला, गाडीत घातला, नेला. कुठे नेला हे मला तेव्हापासून विचारायचं होतं. ताई म्हणाली नेमका तो कुठे गेला हे आता नाही सांगता येणार, पण आता पकडलेल्या बिबट्यांना मायक्रोचिप बसवतात, आणि तिने त्या बिबट्याची गोष्ट सांगितली जो नगर जिल्ह्यात विहिरीत सापडला, 2009 मध्ये कॉलर लावून माळशेज घाटात सोडला आणि चालत चालत 120 किलोमीटरच्या आसपास येऊन मुंबईच्या बाजूला पोचला. विद्या अत्रेयांच्या टीमने त्याचा माग ठेवला होता, आजोबा म्हणायचे त्याला. आपण ज्याला उचलून नेऊन सोडतो तो आपल्याला हवा तिथे राहत नाही. आणि जो परत सोडताच येत नाही, जखमी, म्हातारा, लहानपणीच आईपासून सुटलेला, तो आयुष्यभर पिंजऱ्यात राहतो, त्याचा निदान रक्ताचा नमुना नीट नोंदवून ठेवला तर तो कुठल्या जंगलातला होता आणि तिथे काय चाललंय हे पुढे कुणालातरी वाचता येईल. मला हे ऐकून फार बरं वाटलं, म्हणजे त्या विहिरीतल्या जिवाचं काहीतरी उरलं असतं.

शेवटचा तास चांदोली आणि तिलारीचा, आणि कोकणातल्या माणसाने तर हा ऐकायलाच हवा. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 चा, कोयना आणि चांदोली मिळून. वाघ नावालाच होते, कधी एखादा नर दक्षिणेकडून चालत यायचा. तिलारी, दोडामार्ग, आंबोली हा जो पट्टा आहे तो त्याचा येण्याजाण्याचा रस्ता, वर राधानगरी-चांदोली आणि खाली गोवा-कर्नाटक. 2025 च्या नोव्हेंबरात ताडोबातून एक वाघीण चांदोलीत आणली, आणखी आणायचं ठरलंय. इथे मी विचारलं की ताडोबाच का, जीनोम म्हणजे पूर्ण डीएनए बघून दक्षिणेकडचे वाघ आणि मध्य भारतातले वाघ असे वेगळे गट दिसतात असं तुम्हीच सकाळी सांगितलंत, मग घाटातला चिंचोका घाटातूनच का नाही? ताईने उत्तर टाळलं नाही. म्हणाली ह्याच्यावर दोन मतं आहेत आणि दोन्हीत तथ्य आहे, घाटातल्या वाघात इथल्या पावसाची सवय असेल, मध्य भारतात वाघ जास्त आहेत आणि तिथून दोन-चार उचलले तर तिथे खड्डा पडत नाही. पण तिचं स्वतःचं मत स्पष्ट होतं, आणलेल्या वाघिणीच्या पिल्लांना पुढे जायला तिलारीचा रस्ता उघडा नसेल तर दर काही वर्षांनी ट्रकने वाघ आणत बसावं लागेल. म्हणजे बरणीत चिंचोका आपण टाकत राहायचं. फ्लोरिडातल्या पँथरसाठी (आपला बिबट्या नव्हे, प्यूमा) केलं होतं तसं, 1995 मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणल्या, वाकड्या शेपटीची, हृदयात दोष असलेली पिल्लं कमी झाली, संख्या वाढली, पण तो पँथर अजूनही एकटाच पडलेला आहे. आमच्यातल्या एका दोडामार्गच्या दादांचा रबराचा मळा आहे, ते हे ऐकून बराच वेळ बोलले, त्यांची बाजू पण ताईने पूर्ण ऐकून घेतली. मला दोघंही खरे वाटले.

आता खटकलेलं. बुकिंगला फोन उचलत नाहीत, फक्त मेसेज, आणि उत्तर तीन दिवसांनी आलं. चौदा माणसांना दोन बाथरूम, सकाळी फेरीच्या आधी रांग लागते आणि आईसारख्या वयाच्या माणसाला ते अवघड जातं. मांगरात इन्व्हर्टर नाही. डास आहेत, ओडोमॉस न्या. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना आणू नका, एक छोटा मुलगा होता तो दुसऱ्या दिवशी पूर्ण कंटाळला आणि त्याचे आईबाबा पण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एवढं छान मराठीत शिकवतात आणि शेवटी हातात जी पुस्तिका देतात ती पूर्ण इंग्रजीत! काकूंना ती वाचता येत नाही. ज्या घरात हे शिबिर होतं त्या घरातल्या बाईला वाचता येत नाही. मी ताईला म्हटलंय मी मराठी करून देते, फुकट, आणि ती हो म्हणालीये, अर्धी झालीये माझी.

फी माणशी 2800, राहणं जेवण धरून. मुलांना सवलत हवी, नाहीये. तरी मला महाग नाही वाटलं.

जायचं तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, त्याआधी पाऊस आणि नंतर उकाडा. पायात बूट हवेत, चपलांनी सडा चढू नका. वही न्या, ते देतात पण लहान आहे. आणि घरात कोणी शेळ्या पाळणारं, म्हशी पाळणारं, जुनं माणूस असेल तर त्यांना नक्की न्या, आमच्या बॅचमध्ये सगळ्यात चांगले प्रश्न माझ्या आईने आणि काकूंनी विचारले.

परत आल्यावर मी नववीच्या वर्गात तीन तास चिंचोक्यांना दिले. मुलांनीच घरून आणले, रंग पण त्यांनीच दिले, नेलपॉलिश वापरलं बऱ्याच जणींनी. चौथ्या पिढीला एका गटात ठिपकेवाली जोडी आली आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर कधी तोंड उघडत नाही, तो उभा राहून म्हणाला बाई, आम्हाला शेजारच्या गटातला एक चिंचोका आणू द्या.